चौथाई घेणारी कमान

एका राज्यात कापूस उदंड, पण रंगाचा थेंब नाही. आणि शेजारच्या राज्यात रंगाचे कुंड काठोकाठ, पण कापसाचं बोंड नाही. देवाने वाटणी करताना दोघांच्या मध्ये एक डोंगर ठेवला आणि डोंगरात एक खिंड ठेवली. म्हणजे कसं, दोघांनी एकमेकांकडे जावं, यावं, हवं तर भांडावं, पण कुणी उघडं राहू नये.

खिंडीतून दिवसभर बैल चालत. अलीकडून कापूस, गूळ, ज्वारी जाई. पलीकडून मीठ, नारळ, रंग येई. एखादं लुगडं अंगावर यायच्या आधी चार वेळा डोंगर ओलांडी. सूत अलीकडे कातायचं, ते रंगवायला पलीकडे न्यायचं. रंगलेलं सूत अलीकडे आणून विणायचं, विणलेलं कापड जरीच्या कामासाठी पुन्हा पलीकडे न्यायचं आणि मग घरी आणायचं. एवढी वणवण कशाला, असं कुणी विचारलं तर साळी लोक म्हणत, "विणणारे हात इकडे, रंगवणारे हात तिकडे. आता हातांना काय पाठवणार? म्हणून कापड पाठवतो."

त्या अलीकडच्या राज्यात बयजा साळीण राहत असे. मागावर हात जलद चाले आणि हातापेक्षा तोंड जलद चाले. तिचा नवरा हरबा. बयजाने विणायचं, हरबाने खेप न्यायची. तो बैलामागून गात गात जाई. सूर त्याला जन्मात कधी सापडला नाही, पण म्हणून त्याने शोधायचं सोडलं नाही. बयजा म्हणे, "अहो, तुमचं गाणं ऐकून बैल लवकर चालतो. पुढे पळायला बघतो बिचारा." हरबा हसे आणि आणखी मोठ्याने गाई. असा त्यांचा संसार.

आता राजाचं ऐका. राजा गगनसेन वाईट नव्हता हो, फक्त त्याला बुरुजावर उभं राहून विचार करायची सवय होती. एके दिवशी त्याने खाली पाहिलं आणि प्रधानाला विचारलं,

"प्रधानजी, हे भरलेले बैल कुठून येतात?"

"शेजारच्या राणीच्या राज्यातून, महाराज."

"म्हणजे आमची प्रजा शेजारणीचं मीठ खाते?"

"होय महाराज. आणि शेजारीण आपला गूळ खाते."

पण हे दुसरं वाक्य राजाने ऐकलंच नाही. शेजारणीचं मीठ त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच. जेवण जाईना, झोप येईना.

राजा असा तळमळू लागला की जादूगाराला बरोबर वास लागतो. दुसऱ्याच दिवशी वक्रमणी दरबारात हजर. एक डोळा निळा, एक डोळा पिवळा, काखेत मंत्रांचं बोचकं.

"महाराज, खिंडीच्या तोंडाशी एक कमान उभी करतो," तो म्हणाला. "बाहेरून आत जे जे येईल त्याचा चौथा हिस्सा कमान कापून घेईल. तो आपोआप तुमच्या कोठारात पडेल. शिपाई नको, तपासणी नको, वाद नको."

"आणि ही जकात भरणार कोण?"

"जो आत येईल तो, महाराज."

"म्हणजे शेजारी!" राजाने मांडीवर थाप मारली.

वक्रमणी यावर काही बोलला नाही. बक्षीस म्हणून त्याने कमानीबाहेरची दहा हात जागा झोपडीसाठी मागून घेतली, टाळी वाजवली, आणि खिंडीत काळ्या दगडाची कमान उभी राहिली.

सकाळी हे झालं. दुपारी तोच वक्रमणी, तेच बोचकं घेऊन, पलीकडच्या राणी चित्रांगीच्या दरबारात. "माझ्या मिठावर चौथाई?" राणी सिंहासनावरून उठूनच उभी राहिली. "तशीच कमान मलाही हवी. त्याहून एक वीत उंच!" झाली टाळी, झाली कमान. आता खिंडीत दोन कमानी, राजाची काळी आणि राणीची तांबडी, आणि मध्ये दहा हात जागा, तिथे वक्रमणीची झोपडी. तो तिथे बसून भाजलेले शेंगदाणे खाई.

आणि मग जी मजा सुरू झाली, विचारू नका. राजाच्या राज्यात आलेल्या बांगड्या पाऊण गोल. हातात घालाव्या तर आपल्या गळून पडाव्यात. घागरींना बूड नाही. बाजेला तीन पाय. राणीच्या राज्यात गुळाच्या ढेपा कोपरा कुरतडून पोचू लागल्या, आणि तिथला पुजारी नवी घंटा टांगून पाहतो तर आत लोलक नाही! आणि कोठारात? कोठारात ढीग पडला होता, पण कोठाराचं दार फक्त आत घ्यायचं जाणे. आत गेलेली वस्तू काही केल्या बाहेर येईना. राजा खिडकीतून मिठाचा डोंगर बघे आणि अळणी वरण जेवे.

अशात राजाच्या वाढदिवसासाठी फेट्याचं काम निघालं. साठ हात लांब, डाळिंबी रंगाचा, जरीच्या काठाचा. काम मिळालं बयजाला. हरबा सूत घेऊन निघाला, राणीच्या कमानीखालून गेला. माल तर कापला गेलाच. पण माणसाचा हात-पाय कमान घेत नसे, माणसातलं दुसरंच काही घेई. हरबाचा गळा गेला. बोलता येई, पण गाणं उमटेना. "सर्दी झाली असेल," हरबा म्हणाला.

रंगलेलं सूत घेऊन तो राजाच्या कमानीखालून घरी आला. बयजाने पिठलं-भाकरी वाढली. त्याने अख्खा ठेचा भाकरीवर घेऊन खाल्ला आणि पाणीसुद्धा मागितलं नाही. जिभेची चव गेली होती. "सर्दीच ही," हरबा म्हणाला. बयजाने त्याला आल्याचा काढा दिला, आणि तोही तो मुकाट्याने प्याला. तेव्हाच तिला कळायला हवं होतं, पण फेट्याची घाई होती. तिने फेटा विणला, आणि हरबा तिसऱ्यांदा निघाला, जरीच्या कामाला.

राणीच्या कमानीपलीकडे पाऊल टाकलं आणि त्याच्या डोळ्यांतले रंग गेले. झाडं राखाडी, आभाळ राखाडी, खांद्यावर घेतलेला डाळिंबी फेटाही राखाडी. आता मात्र हरबा मटकन खाली बसला.

कमानीवर एक धनेश पक्षी बसलेला असे. मोठी पिवळी चोच, मोठा रुबाब. वरून उडणाऱ्याला जकात नाही, म्हणून दोन्ही राज्यांतलं त्याला सगळं ठाऊक. तो म्हणाला, "गृहस्था, मालाचा चौथा हिस्सा कितीदाही निघतो, कारण उरलेल्यातून पुन्हा कापता येतं. माणसाचे चौथे हिस्से चारच. गळा गेला, जीभ गेली, डोळा गेला. आता श्वास राहिला."

"म्हणजे घरी गेलो तर?"

"तर पोचशील. पण तू नाही, तुझं धड."

महिनाभराने जरीचं काम झालं, तेव्हा हरबाने फेटा दोरीला बांधून तेवढा अलीकडच्या लोकांना ओढून घ्यायला लावला. स्वतः पलीकडेच राहिला. आणि धनेश उडत उडत बयजाच्या अंगणात गेला, पेरूच्या झाडावर बसला आणि त्याने जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. बयजाच्या हातातला मागाचा धोटा खाली पडला. ती मोठ्याने रडली. चार घरं गोळा झाली. मग तिने डोळे पुसले, चुलीत पाणी ओतलं आणि ती उठली.

तेवढ्यात राजाचे शिपाई आले. तिला दरबारात बोलावणं होतं. राजाच्या समोर तबकात फेटा ठेवला होता. कसला फेटा! साठ हातांतून जेमतेम एकोणीस हात उरलेला तुकडा.

"साळीण, साठ हातांचा फेटा सांगितला होता," राजा म्हणाला. "बाकीचा कुठे?"

"अर्धा आपल्या कोठारात, अर्धा राणीसाहेबांच्या."

"खोटं! जकात शेजारी भरतो."

"शेजारी भरतो, तर फेटा तुमचा का आखडला, महाराज?"

दरबारात सगळे एकदम खोकू लागले. राजाने फेट्याकडे पाहिलं, प्रधानाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं.

"माझा धनी पलीकडे अडकलाय," बयजा म्हणाली. "कमान काढा."

"मंत्र वक्रमणीचा. त्याला विचार," राजा म्हणाला, आणि घाईघाईने उठून आत गेला.

बयजाने भाकऱ्या बांधल्या, एक घोंगडी घेतली आणि ती थेट खिंडीकडे निघाली. शेजारची ठकूमावशी कमानीपर्यंत तिच्या मागे आली. ही ठकूमावशी म्हणजे गावाचं वर्तमानपत्रच. सकाळी हिला शिंक आली तर दुपारपर्यंत तीन गावांत तिच्या तापाची बातमी.

"अगं बयजा, बाहेर जायला काही लागत नाही, पण परत येताना तुझाही गळा जाईल!"

"परत येईन तर दोघं येऊ," बयजा म्हणाली. "नाहीतर तिथेच चूल मांडीन."

आणि ती काळ्या कमानीखालून बाहेर पडली. पलीकडून हरबाही तांबड्या कमानीखालून त्या दहा हातांच्या जागेत आला, कारण बाहेर पडायला तिकडेही काही लागत नव्हतं. दोघं समोरासमोर उभे राहिले. महिना-सव्वा महिन्याने भेटत होते.  हरबा म्हणाला, "जेवलीस का?"

"तुम्हाला काय, तुम्हाला चवच नाही," बयजा म्हणाली आणि तिने त्याचा हात जो धरला तो सोडला नाही.

वक्रमणी झोपडीच्या दारात शेंगदाणे सोलत होता. "कशाला आलात?"

"कमानी उतरवा," बयजा म्हणाली.

"ज्यांनी जे मागितलं ते मी विकलं. विकलेलं परत घ्यायचं तर तीन अटी आहेत. पहिली, ह्या कमानीखालून असं काही पाठव की चौथाई कापूनही ते पुरतं पोचेल. दुसरी, असं काही पाठव की कापल्यावर वाढेल. आणि तिसरी, ज्यांनी कमानी मागितल्या त्या दोघांनी इथे, माझ्यासमोर उभं राहून 'उतरव' म्हणावं. दया आली म्हणून नाही, तर स्वतःला गरज आहे म्हणून."

"महाराजांना कसली गरज?" हरबा म्हणाला.

"ते तुमचं तुम्ही बघा," वक्रमणी म्हणाला आणि त्याने एक शेंगदाणा धनेशाकडे उडवला.

बयजा विचार करत बसली. विचार करायचा तर आधी चूल हवी, चूल पेटवायची तर विस्तव हवा. गावात असती तर गोवरीचा तुकडा घेऊन शेजारणीकडे विस्तव मागायला गेली असती. आणि शेजारणीने दिला म्हणून शेजारणीची चूल काही विझली नसती. हे मनात आलं मात्र, बयजा ताडकन उठली. वक्रमणीच्या चुलीतला एक निखारा तिने खापरावर घेतला आणि काठीने काळ्या कमानीखालून ठकूमावशीकडे ढकलला. खापराचा टवका उडाला, निखाऱ्याचाही चौथा हिस्सा गेला. "फुंकर घाल मावशी! गोवरी लाव!" बयजा ओरडली. मावशीने गोवरी लावली, फुंकर घातली, आणि बघता बघता केवढा जाळ झाला!

"पुरता पोचला," वक्रमणीने कबूल केलं.

पण तो कापलेला चौथा हिस्सा? तो नियमाप्रमाणे राजाच्या कोठारात पडला, नेमका नारळाच्या शेंड्यांवर. एकच पळापळ झाली. दार आत घ्यायचं जाणत होतं, म्हणून शिपायांनी खिडकीतून घागरीमागून घागरी पाणी ओतलं. आग विझली, मिठाचा डोंगर मात्र विरघळून गेला आणि उंदीर खाऱ्या पाण्यात पोहू लागले. राजाने कपाळाला हात लावला.

आता दुसरी अट. बयजाने कमानीपलीकडे बसलेल्या ठकूमावशीकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं.

"अहो, कापल्यावर वाढतं असं काय असतं, कळलं का तुम्हाला?"

"कळलं," हरबा म्हणाला. "पण बातमी कसली सोडायची?"

बयजाने ती त्याच्या कानात सांगितली. मग ती काळ्या कमानीकडे तोंड करून म्हणाली, "मावशी, कुणाला सांगू नकोस हं! राणीसाहेब ताट भरून आपल्या महाराजांच्या भेटीला निघाल्यात, उद्या सकाळी खिंडीत पोचणार!" आणि हरबाने तांबड्या कमानीकडे तोंड करून एका मिठागरवाल्याला सांगितलं, "कुणाला बोलू नका, पण आमचे महाराज ताट घेऊन राणीसाहेबांच्या भेटीला निघालेत, उद्या सकाळी!"

कमानीने दोन्ही बातम्यांचा चौथा हिस्सा कापून घेतला. मावशीला ऐकू आलं, "राणीसाहेब... भरून... महाराजांच्या भेटीला... उद्या!" मधलं गेलेलं तिने स्वतःच्या खर्चाने भरून काढलं. वेशीपर्यंत एका ताटाची सात ताटं झाली, बाजारापर्यंत चाळीस, आणि राजवाड्याच्या दारात बातमी पोचली तेव्हा सोबत दोन हत्ती आणि वाजंत्री होती. पलीकडेही तसंच. तिथे तर महाराज अनवाणी निघालेत असंसुद्धा लोक सांगत होते.

"वाढलं," वक्रमणी म्हणाला आणि त्याने शेंगदाण्याची टोपली बाजूला ठेवली. आता त्यालाही गंमत वाटू लागली होती.

आणि कापलेला चौथा हिस्सा? तो गेला कोठारात. राजा खिडकीपाशी उभा राहून उंदीर बघत होता, तोच आतून कुजबुज आली, "...ताट..." फक्त एवढंच. राजाला घाम फुटला. तेवढ्यात प्रधान चाळीस ताटांची आणि दोन हत्तींची बातमी घेऊन धावत आला.

"शेजारीण ताट घेऊन दारापर्यंत येतेय आणि आपण हात हलवत उभे राहायचं?" राजा म्हणाला. "लोक काय म्हणतील! सामोरं जायला हवं. मुदपाकखान्यात सांगा, पुरणपोळ्या करा! तूप सढळ हाताने वाढा!"

त्याच घटकेला पलीकडे राणी चित्रांगी म्हणत होती, "राजा असून अनवाणी येतोय म्हणे! आणि मी घरात बसून राहू? चार जणांत नाक कापलं जाईल माझं. करंज्या तळा, ओल्या नारळाच्या!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही खिंडीत आले. राजा आपल्या काळ्या कमानीखालून बाहेर पडला, हातात पुरणपोळ्यांचं ताट. राणी आपल्या तांबड्या कमानीखालून बाहेर पडली, हातात करंज्यांचं ताट. सोबतची मंडळी मागे आतच थांबली. दहा हातांच्या जागेत दोघं समोरासमोर उभे.

"आपण आलात, आनंद झाला," राजा म्हणाला.

"आपण निघालात म्हटल्यावर यावंच लागलं," राणी म्हणाली.

दोघांनी ताटं बदलली. राजाने उभ्या उभ्या एक करंजी खाल्ली. नारळ ताजा होता, वर मीठ नेमकं. त्याने दुसरी खाल्ली. राणीने पुरणपोळीचा घास घेतला आणि तिचे डोळे मिटले. "असा गूळ आमच्याकडे पोचत नाही हल्ली," ती म्हणाली. "आमच्याकडे असं मीठ कुठे पोचतं?" राजा म्हणाला. मग दोघंही खात राहिले.

खाणं झालं, नमस्कार-चमत्कार झाले. राजा घरी जायला वळला आणि कमानीपाशी थबकला. तिकडे राणीही थबकली होती.

"महाराज, या ना," आतून प्रधान म्हणाला.

"आधी काय जातं?" राजाने हळूच विचारलं.

"आधी गळा जातो," वरून धनेश म्हणाला.

"गळा गेला तर आज्ञा कशा देऊ?" राजा म्हणाला. "आणि ही कमान तर माझीच आहे!" त्याने पायातली एक मोजडी काढून कमानीखालून आत भिरकावली. ती प्रधानाच्या पायाशी पडली, तिला टाच नव्हती. राजाने वक्रमणीकडे पाहिलं. "मला सूट दे."

"कमान माणूस ओळखत नाही, महाराज. जो आत येईल तो भरेल, असं मी तेव्हाच सांगितलं होतं."

"मला वाटलं, शेजारी!"

"तसं तुम्ही म्हणालात. मी गप्प होतो."

राणी हसणार होती, पण तिची कमानही तिच्याकडे तोंड वासून उभी होती, म्हणून हसली नाही. दोघं राज्याचे धनी त्या दहा हातांत अडकून बसले. ऊन चढलं. बसायला बयजाची घोंगडी, त्यावर एका टोकाला राजा आणि एका टोकाला राणी.

मग बयजा पुढे आली. 

"महाराज, तुम्हाला दोन घटका झाल्या आणि जीव कासावीस झाला. माझा माणूस सव्वा महिना असा बसलाय. तुमच्या फेट्यासाठी तीनदा कमानीखालून गेला तो. चौथ्यांदा घरी आला, तर मला विधवा करून येईल."

राजाने पहिल्यांदाच हरबाकडे नीट पाहिलं. हरबाने हात जोडले.

"महाराज, एक विचारू? फेट्याचा रंग कसा आलाय? मी नेला तेव्हा डाळिंबी होता. पण जरी लागल्यावर मला काही दिसला नाही."

 राजाने मान खाली घातली आणि पायातल्या एकुलत्या मोजडीकडे बघत राहिला. मग तो उठला.

"वक्रमणी, उतरव ती कमान."

"दया आली?"

"आली. पण ती नसती आली तरी म्हटलं असतं. मला घरी जायचंय."

"मलाही," राणी म्हणाली. "माझीही उतरव. आणि आधी माझी उतरवू नकोस, आधी त्यांची... बरं, जाऊ दे, कोणतीही आधी उतरव!"

वक्रमणीने बोचकं सोडलं, कसलीशी राख दोन्हीकडे उडवली आणि टाळी वाजवली. झालं काहीच नाही. काळी कमान काळीच, तांबडी कमान तांबडीच.

"उतरला मंत्र," वक्रमणी म्हणाला. "आता जा कुणीतरी."

कुणीच हलेना. राजाने राणीला हाताने "आपण आधी" केलं, राणीने राजाला "छे छे, आपण" केलं. आतला प्रधान दोन पावलं आणखी मागे सरकला. राजा शेवटी दुसरी मोजडी काढायला खाली वाकला, म्हणजे ती टाकून बघता येईल.

तेवढ्यात हरबा बयजाच्या हातातून हात सोडवून कमानीकडे चालू लागला.

"अहो! थांबा! जोडा टाकू द्या आधी!" बयजा ओरडली. ती धावली. राजाही मोजडी हातात घेऊन धावला. पण हरबा कमानीखाली पोचला होता. त्याने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि तो पलीकडे, आपल्या राज्यात उभा राहिला. पाठमोरा, अगदी स्तब्ध.

बयजा त्याच्यामागून कमानीखालून गेली. आपला गळा जाईल की राहील, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. तिने त्याला खांद्याला धरून वळवलं.

हरबाने खोल श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला.

आणि तेव्हाच दोन्ही राज्यांतली कोठारं खाडकन उघडली. बुडं घागरींकडे धावली, लोलक घंटेकडे, पाय बाजांकडे. बायकांच्या हातांत बांगड्या आपोआप गोल झाल्या. फेट्याचे तुकडे दोन दिशांनी उडत आले आणि कमानीवर साठ हात लांब फडकू लागले.

"डाळिंबी!" हरबा म्हणाला. मग त्याने बयजाकडे पाहिलं. "तुझं लुगडं हिरवं आहे."

"दोन वर्षं हेच नेसतेय. आज दिसलं होय!" बयजा म्हणाली, आणि तिने त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडू लागली. "एवढी घाई कसली होती तुम्हाला? जोडा टाकेपर्यंत थांबवलं नाही?"

"सव्वा महिना झाला, बयजा," हरबा म्हणाला. "आणखी एक क्षण नाही निघाला गं."

पुढे काय, सगळं नीट झालं. कमानी उतरवायला खर्च फार, म्हणून त्या तशाच ठेवल्या. आता त्यांच्या सावलीत बैल विसावा घेतात. खिंडीचा रस्ता नीट राहावा म्हणून दर बैलामागे मूठभर धान्य घ्यायचं, असं राजाने आणि राणीने त्याच घोंगडीवर बसून ठरवलं. लोक त्यावरही कुरकुरतात, पण देतात, कारण रस्ता खरोखर नीट असतो. वक्रमणीचा धंदा बसला, म्हणून तो शेंगदाणे विकतो आणि म्हणतो की यात जास्त सुख आहे. दर वर्षी त्या भेटीच्या तिथीला एक ताट इकडून जातं आणि एक ताट तिकडून येतं, आणि करंजी चांगली की पुरणपोळी, यावर दोन्ही दरबारांत वर्षभर वाद चालतो.

आणि हरबा गात गात खेप नेतो. सूर अजून सापडलेला नाही.

हरबाची चौथी खेप जशी घरी पोचली, तशी ज्याची त्याची खेप ज्याच्या त्याच्या दारी पुरतीच्या पुरती पोचो. आणि ज्याने ऐकलं त्याच्या ताटात मीठही असो आणि गूळही असो.